जठराच्या बायपासनंतर लेकीचा नाश्ता : नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

२८ मे २०२५ ला लेकीची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं आणि ती विश्रांतीला आमच्याकडे कोथरूडला आली. दोन वेळचं जेवण सौ. बघणार आणि सकाळचा नाश्ता मी, अशी वाटणी झाली. आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे नवं काम हातात घेतलं की आधी वही उघडायची सवय आहे. पदार्थांच्या याद्या मला पुष्कळ मिळाल्या. पण कोणता पदार्थ कुठे अडकला, का अडकला आणि मग काय बदललं, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून ही वही इथे उतरवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढचा प्रत्येक टप्पा आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी हो म्हटल्यावरच सुरू केला. तुमच्या माणसाचे दिवस आणि मापं त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

१ जून (दिवस ४)

स्वयंपाकघराला कळायला हवी तेवढीच रचना लिहितो. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची, लहानशा अंड्याएवढी पिशवी वेगळी केली आहे आणि लहान आतडं थेट तिला जोडलं आहे. बाकीचं जठर पोटातच आहे, पण अन्न आता तिकडे जात नाही. दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत, त्यातली १५ तरी सकाळी. पहिले दोन आठवडे सगळं पातळ.

२०० मिली साय काढलेलं दूध घेतलं, त्यात २० ग्रॅम दूध पावडर घातली. दुधाचे ७, पावडरीचे ७, चौदा ग्रॅम झाले म्हणून मला बरं वाटलं. तिने दीड तासात ११० मिली प्यायलं आणि फुलपात्र बाजूला सारलं. "बाबा, गळ्यापर्यंत आलंय."

चूक माझी होती. भरलेलं फुलपात्र समोर ठेवलं की माणूस ते संपवायला बघतो. दुपारी औषधाच्या दुकानातून ३० मिलीचं मोजमाप आणलं. आता एक माप पंधरा मिनिटांत, तेही घोटाघोटाने. मोजमाप रिकामं झालं की तिने विचारायचं, मी आपणहून भरायचं नाही.

३ जून (दिवस ६)

दोन दिवस दुधानंतर पोट फुगतंय, गुडगुडतंय. आधी वाटलं थंड दिलं म्हणून होत असेल. कोमट करून बघितलं, तेच. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी दूध पचणाऱ्या माणसालाही दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, सोसत नाही, हे बऱ्याच वेळा होतं. मी तर दुधात दूध पावडर घालून ती दुप्पट करून ठेवली होती.

त्यांनी व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेली प्रथिनांची पूड, सुचवली. त्यात लॅक्टोज फार थोडं असतं. मी लगेच जाऊन व्हॅनिला स्वादाचा एक किलोचा डबा घेऊन आलो, ३,४०० रुपये. पहिल्याच घोटाला तिला मळमळलं. शस्त्रक्रियेनंतर जिभेची चव आणि नाक दोन्ही बदलतं. आधी आवडणारा वास नकोसा होतो. एकेका वेळेच्या छोट्या पुड्याही मिळतात हे मला नंतर कळलं. आधी दोन पुड्या आणून चव बघायला हवी होती. उघडलेला डबा दुकानदार परत कसा घेणार? आता बिनस्वादाचं एका वेळेचं पाकीट आणलंय.

५ जून (दिवस ८)

बिनस्वादाचं चाललं, पण छातीत हवा दाटते असं ती म्हणाली. मी बाटलीत घालून जोरात हलवत होतो, वर दोन बोटं फेस. तो सगळा फेस म्हणजे हवाच, आणि ती पोटात मावायला जागा कुठे आहे? लाकडी रवीने सावकाश घुसळलं, दहा मिनिटं झाकून ठेवलं, वरचा फेस चमच्याने काढला. तक्रार गेली. पुढे कायम हाच नियम पाळला.

७ जून (दिवस १०)

गुळचट पाण्याला लेक कंटाळली. तिला काहीतरी तिखटमिठाचं हवं होतं. सौ. म्हणाली, "अहो, मुगाचं कढण करा. माझी आई तापातून उठलेल्याला तेच द्यायची." मूगडाळ किंचित भाजून, भरपूर पाण्यात शिजवून, घोटून, गाळून, वर जिरेपूड, हिंग, सैंधव. वास घरभर गेला. लेकीच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा भूक दिसली.

पण गाळलेल्या कढणात प्रथिनं किती? गणित मांडलं तर १०० मिलीला जेमतेम दोन ग्रॅम. डाळीचा चोथा गाळणीत राहतो आणि त्याबरोबर प्रथिनंही. म्हणून मी गरम कढणात अर्धा चमचा (डब्यातलं माप) व्हे टाकलं. क्षणात दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या. आणखी घोटलं तर रबरासारखे कण तयार झाले. सगळं ओतून दिलं. ताज्या कढणाला परत चाळीस मिनिटं लागली आणि ती तोवर उपाशी बसून होती, हे मला फार लागलं.

जमलं ते असं: व्हे आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून गुळगुळीत करायचं. कढण बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकं कोमट होऊ द्यायचं. मग कालवलेलं हळूहळू त्यात सोडायचं आणि नंतर परत गॅसवर ठेवायचं नाही. १२० मिलीत १३-१४ ग्रॅम प्रथिनं गेली, एका तासात, पोट न फुगता. कढण सौ.चं, माझी फक्त भर.

९ जून (दिवस १२)

या चार महिन्यांतली सगळ्यात वाईट सकाळ.

पुढच्या बाजूवर मोठ्या अक्षरात प्रोटीन लिहिलेला एक डबा मी औषधाच्या दुकानातून उचलला, ६४० रुपये. मागचा तक्ता वाचला नाही. ४० ग्रॅम पूड पाण्यात कालवून तिला दिली. गोड होती म्हणून तिने जरा भरभर घेतली. पंधरा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, हृदय धडधडायला लागलं, पोटात कळा, आणि मग संडासला धावावं लागलं. पाऊण तास ती पलंगावर डोळे मिटून पडली होती. सौ. तिचे तळवे चोळत होती. मी फोनवर.

डॉक्टरांच्या मदतनीसांनी शांतपणे समजावलं. पूर्वी जठर अन्न थोडं थोडं पुढे सोडायचं. आता साखर थेट लहान आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते आणि शरीर अशी उसळी मारतं. याला डम्पिंग म्हणतात. झोपून राहायचं, थोड्या वेळाने पाण्याचे घोट घ्यायचे.

संध्याकाळी चष्मा लावून तक्ता वाचला. १०० ग्रॅममागे प्रथिनं १८, साखर ४०. म्हणजे त्या पेल्यात तिला सात ग्रॅम प्रथिनांसाठी मी सोळा ग्रॅम साखर पाजली होती. ड्रॉइंग न वाचता मशीनला हात लावायचा नाही, हे मी पोरांना शिकवत आलो. डबा कचऱ्यात टाकला, कुणाला दिलासुद्धा नाही. तेव्हापासून दुकानातच डबा उलटा करतो: आधी साखरेचा आकडा, मग प्रथिनांचा, समोरची बाजू शेवटी.

१२ जून (दिवस १५)

आजपासून लापशीसारखं दाट चालेल. एका वेळी तीन-चार चमचे. खडा, साल, धागा काही नको.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एवढंसं काही फिरतच नाही, पातं वरच्या वर फिरतं आणि सगळं कडेला चिकटतं. फिरावं म्हणून पाणी वाढवलं तर पदार्थ पातळ होतो आणि प्रथिनं पसरतात. चटणीचं लहान भांडं घेतलं, ६५० रुपये. बोहरी आळीत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा मिळाला, ४८०. हे दोन खर्च पहिल्या दिवशीच करायला हवे होते. बाकी काही नसलं तरी चालेल, काटा हवाच. "वाटीभर" हे माप या घरातून रद्द.

१५ जून (दिवस १८)

चक्का. दही तिला सोसतंय, कारण विरजणात लॅक्टोज काही प्रमाणात खाल्लं जातं आणि टांगल्यावर बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं.

पहिला प्रयत्न: अर्धा किलो गाईच्या दुधाचं दही मलमलीत बांधून नळाला टांगलं. पावसाळी हवेत ओट्यावर सहा तास राहिलं आणि आंबट ढाण झालं. दुसरा: पंचा बांधून चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर वाटी झाकून थेट फ्रीजमध्ये, रात्रभर. आंबटपणा आला नाही. अर्ध्या किलोचे सुमारे २०० ग्रॅम चक्का निघाला.

इथे माझं गणित चुकलं होतं. श्रीखंडाचा चक्का इतका घट्ट, म्हणजे १०० ग्रॅमला पंधरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतील असं मी धरून चाललो होतो. दह्यात मुळात १०० ला तीन-साडेतीन, त्यातली थोडी पाण्याबरोबर जातात. हिशोब केला की १०० ग्रॅम चक्क्याला सातच्या आसपास येतात. म्हणजे तीन दिवस मी वहीत दुप्पट लिहीत होतो. ती पानं खोडली नाहीत, शेजारी लाल पेनाने खरे आकडे लिहिले.

वाढवायचं कसं? विरजण लावायच्या आधीच अर्धा लिटर दुधात ४० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवली. चक्का २५० ग्रॅमवर निघाला आणि १०० ला दहा-अकरा ग्रॅम. मला भीती होती की पावडर परत पोट फुगवेल. विरजण पूर्ण लागू दिलं, रात्रभर निथळू दिलं, तसं काही झालं नाही. खाली निथळलेलं पाणी फेकत नाही, सौ. ते आमटीत घालते.

चक्क्यात साखर नाही. जिरेपूड, सैंधव, कधी काकडीचा कीस पिळून आणि वाटून. ही गोष्ट शेवटपर्यंत रोज टिकली.

२० जून (दिवस २३)

दोन्ही पालख्या आज पुण्यात. डेक्कनपासून पुढे रस्ते बंद, पनीर आणायला गेलो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. घरी दूध होतं, लिंबू होतं. एक लिटर गाईचं दूध फाडलं, १७० ग्रॅम पनीर निघालं. दाबलं नाही, ओलसरच ठेवलं.

मग पाऊस आणि वीज गेली. मिक्सर बंद. पनीर हाताने कितीही चुरलं तरी रवाळ राहतं आणि अजून रवाळ काही चालत नाही. सौ.ने माळ्यावरून पुरणयंत्र काढायला लावलं. सगळ्यात बारीक जाळी बसवली, शिजवलेली मूगडाळ आणि पनीर एकत्र घालून दोनदा फिरवलं. मिक्सरपेक्षा चांगलं निघालं! मिक्सर हवा कोंडतो आणि लगदा चिकट करतो; पुरणयंत्र नुसतं दाबून काढतं, त्यामुळे मऊ पण हलकं राहतं. ३० ग्रॅम पनीर आणि पंधरा ग्रॅम (कोरडी मोजलेली) डाळ, दोन्ही मिळून नऊ ग्रॅम प्रथिनं, चार चमच्यांत. वर जिऱ्याची किंचित फोडणी, मिरची नाही.

वीज रात्री आली. तरीही पनीर आणि शिजवलेल्या डाळीसाठी मिक्सर त्या दिवसापासून बंदच आहे.

२८ जून (दिवस ३१)

दोन दिवसांपासून मऊ अन्न सुरू. अंड्यावर माझी मोठी आशा होती: एकात सहा ग्रॅम, वजन पन्नास, तयार पाच मिनिटांत. उकडलेलं अंडं परवा दिलं. पिवळा बलक तोंडात पिठासारखा झाला, अर्ध्यावर सोडलं. काल पांढरं नुसतं दिलं, ते चावून चावून रबर झालं.

आज दोन अंड्यांचं ऑम्लेट केलं, दोन्ही बाजूंनी खरपूस, जसं तिला लहानपणी आवडायचं. ती ऑफिसच्या फोनवर होती. बोलता बोलता सात मिनिटांत निम्मं खाल्लं. मग घास मध्येच थांबला. छातीच्या हाडामागे दुखायला लागलं, तोंडाला सुटलेली लाळ फेसासारखी यायला लागली, गिळताही येईना. बसवत नव्हतं म्हणून ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. पन्नास मिनिटांनी उलटी झाली आणि मोकळं वाटलं. त्या पन्नास मिनिटांत मी तिला पाणी देत होतो, ही दुसरी चूक. अडकलेल्यावर पाणी ओतलं की ते वरच साठतं.

डॉक्टरांकडून कळलं ते तसंच लिहितो: एकदा झालं तर उरलेला दिवस पातळ आहार. पण पाणीही टिकत नसेल किंवा उलट्या चालूच राहिल्या तर घरी उपाय करत बसायचं नाही, सरळ यायचं. दिवसेंदिवस उलट्या झाल्या की बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याचा मज्जातंतूंवर परिणाम होतो.

घरात नवा नियम. नाश्त्याला फोन नाही, लहान चमचा, घास पाणी होईपर्यंत चावायचा, वीस ते तीस मिनिटं. आणि नाक गळायला लागलं किंवा उचकी आली की थांबायचं. तिच्या शरीराची ही "पोट भरलं" म्हणायची खूण आहे हे आम्ही तिघांनी मिळून हेरलं.

३ जुलै (दिवस ३६)

ऑम्लेटमध्ये काय चुकलं यावर तीन दिवस विचार केला. अंडं तेच, प्रथिनं तीच. तव्यावर पाणी उडालं आणि पोत घट्ट झाला. म्हणजे मी ग्रॅम मोजत बसलो होतो, मोजायला हवा होता ओलावा. वहीत आता प्रत्येक पदार्थापुढे एक नवा रकाना आहे: ओला, ओलसर, कोरडा. कोरडा असेल तर प्रथिनं कितीही असोत, ताटात जाणार नाही.

मग खरवस आठवला. तसं अंडं करता येईल का? एक अंडं, एका अंड्याचं पांढरं, ६० मिली दूध (एवढं आता सोसतं), मीठ, मिरपूड. फेस येऊ न देता हलक्या हाताने ढवळून गाळून घेतलं, वाटीत ओतून इडलीपात्रात वाफवलं.

पहिली खेप मोठ्या आचेवर: वर जाळी, खाली पाणी, मध्ये रबर. दुसरी मंद आचेवर, पण झाकणाचं पाणी टपकून वर डबकं झालं. तिसरी: झाकणाला आतून फडकं बांधलं, झाकण किंचित तिरपं ठेवलं, आच अगदी मंद, नऊ मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच. वाटी हलवली की मधोमध थरथरत होतं. अगदी खरवस! चमचा न दाबता आत गेला. अकरा ग्रॅम प्रथिनं, सत्तावीस मिनिटांत संपलं, कुठेही अडकलं नाही. ती म्हणाली, "बाबा, उद्या पण हेच." मी गॅलरीत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

६ जुलै (दिवस ३९), आषाढी एकादशी

मायलेकी दोघी ही एकादशी वर्षानुवर्षं करतात. उपाशी राहायचं नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नाहीतच म्हणा, आणि भिजून चिकट होतो. या पिशवीला तो बुचासारखा बसेल. तेव्हा उपवासाला चालणारी प्रथिनं शोधली: ७० ग्रॅम चक्का, पुरणयंत्रातून काढलेलं ३० ग्रॅम पनीर, सैंधव, जिरं, लिंबाचे दोन थेंब. बारा ग्रॅमच्या वर गेलं.

सौ.ने यंदा खिचडी केलीच नाही. तिनेही चक्काच खाल्ला.

१३ जुलै (दिवस ४६)

मुगाचं धिरडं. ३० ग्रॅम मूगडाळ चार तास भिजवून, आलं-जिरं घालून वाटली, त्यात ३० ग्रॅम पनीर घोटलं. तांदूळ नाही. बारा-साडेबारा ग्रॅम, पुरीएवढी तीन धिरडी.

जाड घातलं तर आतून कणकेसारखं राहतं, तिसऱ्या घासाला तिने हात थांबवला. (पाव, मऊ पोळी, भात, हे याच कारणाने अजून लांब आहेत, चावून त्यांचा परत गोळा होतो.) मग पातळ, कुरकुरीत घातलं, तर कडा टोचल्या. आज जमलं: पातळ पसरायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं नाही, रंग यायच्या आत उतरवायचं आणि पाच मिनिटं ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवायचं. बरोबर कोथिंबीर घातलेला चक्का, प्रत्येक घास त्यात बुडवून. दोन धिरडी गेली. तिसरं दीड तासाने.

हे "दीड तासाने" महत्त्वाचं आहे. एका बैठकीत पंधरा ग्रॅम बसवायचा माझा हट्ट मी दीड महिना धरला होता. आता नाश्ता दोन तुकड्यांत: साडेसातला आठ-नऊ ग्रॅम, साडेनऊ-दहाला सहा-सात. खाताना पाणी नाही, खाल्ल्यावर अर्धा तास नाही. चहाचा प्रश्न राहतो. आमच्याकडे नाश्ता आणि चहा वेगळे कधी झालेच नाहीत. चहाने लोह कमी शोषलं जातं, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं. शेवटी फ्रीजवर कागद चिकटवला: साडेसहा पाणी, साडेसात नाश्ता, साडेआठ पाणी आणि कॅल्शियम, दहा नाश्ता दुसरा, साडेअकराला बिनसाखरेचा अर्धा कप चहा, लोह रात्री. तिच्याबरोबर आम्हीही चहा साडेअकरालाच घेतो.

२७ जुलै (दिवस ६०)

सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला बावन्न ग्रॅम प्रथिनं. आकडा वाचून मोह झाला. कोरड्या दळून १५ ग्रॅम पूड धिरड्यात घातली: वास उग्र, पोट दिवसभर डब्ब. भिजवून, तीनदा पिळून, वाटून घातल्या: वास कमी, डब्ब तेवढंच. सोडून दिलं. दोन सकाळी वाया गेल्या.

आज ती स्वतःच्या घरी वाकडला गेली. जावई न्यायला आले होते. त्यांना स्वयंपाकघरात उभं करून वाफवलेलं अंडं तीनदा करायला लावलं. तिसरं माझ्यापेक्षा चांगलं झालं.

१५ ऑगस्ट (दिवस ७९)

दोघं आले होते. तिला ऑफिसला सव्वाआठला निघावं लागतं, त्यामुळे नव्या अडचणी. वाफवलेलं अंडं आदल्या रात्री करून ठेवलं की पाणी सुटतं. ते ताजंच हवं. धिरड्याचं वाटण फ्रीजरमध्ये आठवडाभर चांगलं राहतं, पण पनीर घालायचं ते सकाळी. चक्का लहान थर्मासमध्ये, फ्रीजमधून काढून थेट, दहाच्या नाश्त्याला. ऑफिसात हे छान चाललंय.

सकाळी ती म्हणाली, मिसळ खायची. सगळे गप्प. बाहेरची तर्री आणि फरसाण विसरायचं, पण मटकीत प्रथिनं आहेतच. मोड आलेली मटकी कुकरला एरवीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त, कांदा-खोबऱ्याचं वाटण कमी, तेल एक चमचा, लाल तिखट नावाला. अर्धी मटकी पुरणयंत्रातून काढून रस्सा दाट केला, वर एक चमचा चक्का. पाव नाही, फरसाण नाही. छोट्या वाटीत ८० ग्रॅम. प्रथिनं सहा-सातच, पण तिने डोळे मिटून खाल्लं. पोट थोडं फुगलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. आठवड्यातून एकदा चालेल असं ठरलं.

७ सप्टेंबर (दिवस १०२)

गणपतीत मोदकाची उकड आणि गुळाचं सारण, दोन्ही तिच्यासाठी नको तेच. तिने नैवेद्याचा मोदक कपाळाला लावून आईच्या ताटात ठेवला.

केस गळताहेत, विंचरताना झुबके येतात. ती घाबरली, मीही. तिसऱ्या महिन्याच्या आसपास हे होतं, झपाट्याने वजन उतरल्याने आणि शस्त्रक्रियेच्या ताणाने, बहुतेक वेळा पुन्हा येतात, असं डॉक्टर म्हणाले. तरी रक्त तपासलं. लोह आणि बी-१२ ठीक, ड जीवनसत्त्व कमी, त्याची मात्रा वाढवली. प्रथिनांची वही त्यांना दाखवली. त्यांनी पानं उलटून बघितली आणि गेल्या पंधरा दिवसांत सरासरी ६४ ग्रॅम आहे, पुढे चालू ठेवा म्हणाले.

२१ सप्टेंबर (दिवस ११६)

खर्चाचा हिशोब कुणाला लागला तर. काटा ४८०, चटणीचं भांडं ६५०, मलमल आणि मोजमाप मिळून १४०. वाया: साखरेचा डबा ६४०. व्हॅनिलाचा ३,४०० चा डबा जावयांनी व्यायामासाठी नेला, तेव्हा तो अर्धा वसूल धरतो. रोजचा नाश्ता, म्हणजे दूध, अंडी, मूग, पनीर धरून, चाळीस ते पन्नास रुपयांत बसतो. व्हे आता फक्त आजारपणासाठी घरात आहे.

तिचं वजन किती उतरलं ते लिहू नकोस असं ती म्हणाली, म्हणून लिहीत नाही. काल ती वाकडहून एकटी गाडी चालवत आली आणि तीन जिने न थांबता चढली.

पुढचं काम: मुगाच्या धिरड्याच्या वाटणाची इडली. आज पहिली खेप वाफवली, मध्ये ओली आणि कडेला घट्ट. पाणी जास्त झालं की डाळ जाडसर वाटली गेली, ते कळत नाहीये. उद्यासाठी ६० ग्रॅम डाळ भिजत घातलीय, अर्धी बारीक वाटणार, अर्धी जाडसर, आणि दोन वेगवेगळ्या ताटल्यांत लावणार.